अर्थ सायन्सेसमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करायचीय? लॅब शोधण्यापासून ऑफर हातात येईपर्यंत सगळं

जिऑलॉजी, जिओफिजिक्स, ओशनोग्राफी, ॲटमॉस्फेरिक सायन्स, यातलं काहीही पुढे शिकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा युनिव्हर्सिटी रँकिंग उघडतात, वरची वीस नावं एक्सेलमध्ये टाकतात आणि मग त्या वीस वेबसाईट्सवर महिनाभर भटकत बसतात. शेवटी हातात काय येतं तर फी, डेडलाईन आणि कॅम्पसचे छान फोटो. आपण तिथे नेमकं काय करणार, कुठल्या मशीनवर, कुठल्या डेटावर, कुणाच्या हाताखाली, हे मात्र कळत नाही. मी या सगळ्यातून गेलेय आणि नंतर बऱ्याच ज्युनियर्सचे अर्ज वाचून दिलेत, त्यामुळे तेच तेच प्रश्न परत परत येतात ते एकदा नीट लिहून काढते.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. आपल्या विषयात डिग्री युनिव्हर्सिटी देते, पण काम होतं ते एका गाईडबरोबर आणि एका मशीनवर किंवा एका डेटासेटवर. तिथपर्यंत तुमचा हात खरंच पोचणार आहे का, एवढं एक तपासलंत तर निम्मे चुकीचे पर्याय आपोआप गळतात.

१. आधी प्रश्न शोधा, मग युनिव्हर्सिटी

"मला खडक आवडतात" एवढ्यावर ॲडमिशन होत नाही. विषय इतका पसरलेला आहे की एकाच डिपार्टमेंटमध्ये एक जण ज्वालामुखीच्या राखेतली काच तपासतोय, दुसरा समुद्राच्या प्रवाहांचं मॉडेल चालवतोय आणि तिसऱ्याने वर्षानुवर्षं हातोडा उचललेला नाही कारण तो पूर्णवेळ भूकंपलहरींची गणितं करतो. तेव्हा एक कागद घ्या आणि तुम्हाला खरंच छळणारे दोन-तीन प्रश्न लिहा. "हा डोंगर कधी उंच झाला", "धरण भरल्यावर भूकंप का होतात", "हिमनदी कमी झाली की खालच्या नदीचं पाणी कुठल्या महिन्यात कमी होतं", असे. भाषा साधी चालेल. मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की याचं उत्तर कशातून मिळेल: खडकाच्या नमुन्यातून, भूकंपलहरींतून, सॅटेलाईट इमेजमधून, समुद्रतळाच्या कोअरमधून (म्हणजे ड्रिल करून काढलेला लांब दंडगोल नमुना), का कॉम्प्युटर मॉडेलमधून. बस्स, तुम्हाला कुठल्या प्रकारची लॅब हवी ते इथेच कळलं.

अजून एक, तुम्हाला दिवस कसा घालवायला आवडतो याचा प्रामाणिक विचार करा. फील्डवर्क म्हणजे ट्रेकिंग नव्हे, पाठीवर वीस किलो खडक घेऊन उतरायचं असतं आणि संध्याकाळी थकून आल्यावर सगळ्या नोंदी परत लिहायच्या असतात. लॅबचं काम म्हणजे तासन्तास मायक्रोस्कोप. मॉडेलिंग म्हणजे पूर्ण दिवस कोड, आणि तो चालत नाही म्हणून दुसरा पूर्ण दिवस. तिन्ही छान आहेत पण तिन्ही वेगळे आहेत.

जिऑलॉजीची पदवी नसेल तर घाबरू नका. जिओफिजिक्स, क्लायमेट, ओशनोग्राफीला फिजिक्स, मॅथ्स, सिव्हिल, कॉम्प्युटरवाले खुशाल घेतात, उलट सिस्मॉलॉजीवाल्यांना गणित पक्कं असलेला विद्यार्थीच हवा असतो. केमिस्ट्रीवाल्यांना जिओकेमिस्ट्री उघडी आहे. फक्त काही ठिकाणी पहिल्या वर्षी मिनरॉलॉजी, स्ट्रक्चर असे कोर्सेस भरून काढायला लावतात किंवा फील्ड कॅम्प करायला सांगतात, ते आधी विचारून घ्या.

२. मास्टर्स करायचं का थेट पीएचडी

हे देशानुसार बदलतं आणि इथे खूप गोंधळ होतो. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, साधारण पाच वर्षं धरा, पहिली दोन वर्षं कोर्सेस आणि मग क्वालिफाइंग परीक्षा. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी दोन वर्षांचं मास्टर्स लागतं, मग तीन-चार वर्षांची पीएचडी जी बऱ्याच देशांत चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, अर्ज करायचा, करार होतो, पगार मिळतो. ब्रिटनमध्ये मास्टर्स सहसा एका वर्षाचं. जपानमध्ये अनेक जण आधी काही महिने 'रिसर्च स्टुडंट' म्हणून लॅबमध्ये बसतात आणि मग प्रवेश परीक्षा देतात, तिथे प्रोफेसरने आधी होकार दिलेला असणं फार महत्त्वाचं.

मास्टर्स घेताना ते कोर्सवर्कचं आहे का थिसिसचं, हे नक्की बघा. पुढे पीएचडी करायची असेल तर थिसिसवालंच घ्या. इंडस्ट्रीत जायचं असेल, म्हणजे मायनिंग, भूजल, जिओटेक्निकल, तर कोर्सवर्क आणि इंटर्नशिपवालं चालतं.

खबरदारी: तीन वर्षांची बॅचलर्स सगळीकडे चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत. काही युनिव्हर्सिटी धरतात, काही धरत नाहीत आणि एकाच देशात दोन युनिव्हर्सिटींची दोन उत्तरं असू शकतात. फी भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्या.

३. रिसर्च फॅसिलिटी कशी 'वाचायची'

हा भाग सगळ्यात मोठा आहे कारण याबद्दल कुणीच नीट सांगत नाही.

आधी जगात काय काय आहे याची कल्पना यावी म्हणून थोडी नावं सांगते. खडकांची वयं काढण्यात कॅनबेराची ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी फार जुनं आणि मोठं नाव, श्रिम्प नावाचं आयन मायक्रोप्रोब (खनिजाच्या बारीकशा ठिपक्यातून वय मोजणारं यंत्र) तिथे १९८० च्या सुमारास तयार झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वीचे झिरकॉन (वय काढायला वापरतात ते टिकाऊ खनिज) अशाच यंत्रावर मोजले गेले. पृथ्वीच्या पोटातला दाब आणि तापमान लॅबमध्ये तयार करायचं असेल तर जर्मनीतलं बायरॉइटचं जिओइन्स्टिट्यूट, किंवा सिंक्रोट्रॉनवाली (अतिशय तीव्र क्ष-किरण तयार करणारी) केंद्रं, म्हणजे फ्रान्समधल्या ग्रनोबलचं आणि जपानमधलं स्प्रिंग-८. मँटलच्या (पृथ्वीचं कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराच्या) अगदी तळाशी असलेलं पोस्ट-पेरोव्स्काइट हे खनिजरूप २००४ मध्ये समोर आलं त्या कामात स्प्रिंग-८ चा मोठा वाटा होता. समुद्रासाठी अमेरिकेतल्या संस्था, म्हणजे स्क्रिप्स, वुड्स होल आणि न्यूयॉर्कजवळचं लॅमॉन्ट-डोहर्टी. वुड्स होलचा एमआयटीबरोबर पीएचडीचा संयुक्त प्रोग्राम आहे, म्हणजे संशोधन संस्था आणि डिग्री देणारी युनिव्हर्सिटी वेगवेगळ्या असू शकतात, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ध्रुवीय संशोधनाला ब्रेमरहाफेनचं आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट, आपल्याकडे गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. मान्सूनला पुण्याची आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. आणि धरणाजवळच्या भूकंपांचं विचाराल तर जगाचं लक्ष कोयनेकडे असतं, १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथे इतकी वर्षं भूकंप होतायत की कराडला खास बोअरहोल जिओफिजिक्सची प्रयोगशाळा उभी राहिली आणि सुमारे तीन किलोमीटर खोल पायलट बोअरहोल खणलं गेलं.

आता मुद्दा. वेबसाईटवर 'आमच्याकडे अमुक मास स्पेक्ट्रोमीटर (अणूंचं वजनानुसार मोजमाप करणारं यंत्र) आहे' असं लिहिलेलं असतं, त्यावरून तुम्हाला काहीच कळत नाही. मशीन चालू आहे का, ते चालवणारा टेक्निशियन आहे का, रांग किती महिन्यांची आहे, विद्यार्थ्याला स्वतः बसू देतात का फक्त नमुने देऊन जायचं, आणि प्रत्येक नमुन्याचे पैसे कोण भरतं, या पाच गोष्टी विचारायच्या. यातली टेक्निशियनची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असं माझं ठाम मत आहे. उत्तम मशीन असलेली आणि टेक्निशियन नसलेली लॅब ही विद्यार्थ्याची दोन वर्षं सहज खाते, आणि साध्याच मशीनवर पंधरा वर्षं बसलेला माणूस असेल तर तिथे तुम्ही खूप शिकता.

एक उदाहरण जवळून दाखवते म्हणजे 'फॅसिलिटी' म्हणजे काय ते लक्षात येईल. समजा तुम्हाला ग्रॅनाइटचं वय काढायचंय, युरेनियम-लेड पद्धतीने, झिरकॉनवर. लेझरवाल्या आयसीपी-एमएसवर (हाही एक मास स्पेक्ट्रोमीटरच) एका दाण्याचं एक माप घ्यायला दीड-दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, लेझरचा खड्डा साधारण तीस मायक्रॉनचा. पण त्याच्या आधी काय? खडक फोडायचा, दळायचा, चाळणीतून काढायचा, पाण्यावर धुऊन हलकं वाहू द्यायचं, मग चुंबकीय सेपरेटर, मग जड द्रव. त्या द्रवात गारगोटी तरंगते कारण तिची घनता २.६५, आणि झिरकॉन तळाला जातो कारण त्याची ४.६ च्या आसपास. मग मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक दाणा उचलून चिकटपट्टीवर ओळीत लावायचा, इपॉक्सी ओतायचं, दाणे अर्धे कापले जातील इतकं पॉलिश करायचं, आणि कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये (इलेक्ट्रॉन मारल्यावर दाणा चमकतो त्या उजेडात) फोटो काढून आतली वलयं बघायची, कारण गाभा जुना आणि कडा नवी असू शकते आणि लेझर चुकून दोन्हींवर पडला तर येणारा आकडा कशाचाच नसतो. हे सगळं आठवड्यांचं काम आहे. आणि दळणयंत्र आधीच्या माणसाने नीट साफ केलं नसेल तर त्याचे झिरकॉन तुमच्या नमुन्यात येतात, आणि मग कोट्यवधी वर्षांचा फरक नुसत्या धुळीमुळे.

म्हणून लॅब बघताना मास स्पेक्ट्रोमीटरच्या फोटोपेक्षा दळण्याच्या खोलीची चौकशी करा. सेपरेशन लॅब स्वतःची आहे का, थिन सेक्शन बनवणारा माणूस आहे का. ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप नीट बनवणं हे कसब आहे, जाडी जास्त राहिली तर पोलराइज्ड लाईटखाली गारगोटी राखाडीऐवजी पिवळसर दिसते आणि नवखा विद्यार्थी भलतंच खनिज ओळखून मोकळा होतो. ज्या डिपार्टमेंटने आपला थिन सेक्शनवाला सांभाळलाय ते डिपार्टमेंट विद्यार्थ्यांचाही विचार करतं असं मला आजवर दिसलंय.

ही माहिती मिळणार कुठून? पेपर्समधून. त्या ग्रुपचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर्स काढा आणि निष्कर्ष वाचायच्या आधी 'मेथड्स' आणि शेवटचे 'आभार' वाचा. मेथड्समध्ये कळतं की मोजमापं खरंच त्यांच्याच लॅबमध्ये झालीत का तिसऱ्याच देशात. आभारांत कळतं की मशीन कुणी चालवलं, पैसे कुठल्या प्रोजेक्टचे, फील्डला मदत कुणी केली. चार पेपर्समध्ये एकाच टेक्निशियनचं नाव आलं तर समजा लॅब व्यवस्थित चालू आहे.

४. मशीन जवळ नसेल तरी अडत नाही

आपल्या विषयातली ही सगळ्यात चांगली गोष्ट आणि नवीन मुलांना हीच माहीत नसते. प्रचंड डेटा फुकट उपलब्ध आहे. लँडसॅट उपग्रहांच्या इमेजेस २००८ पासून मोफत आहेत. सेंटिनेल-१ या उपग्रहाचा रडार डेटा २०१४ पासून, त्यावरून जमीन किती सेंटिमीटर खचली किंवा सरकली हे घरबसल्या काढता येतं. भूकंपलहरींचा जगभरच्या स्टेशन्सचा डेटा अर्थस्कोपकडून मिळतो, पूर्वी ज्याला आयरिस म्हणायचे ते २०२३ मध्ये यात विलीन झालं, त्यामुळे जुन्या लिंक्स बघून गोंधळू नका. हवामानासाठी ईआरए५ हा जगभरच्या जुन्या हवामानाचा डेटासेट, तो १९४० पासूनचा आहे. सॉफ्टवेअरही फुकट: नकाशांना क्यूजीआयएस आणि जीएमटी, सिस्मॉलॉजीला ऑबस्पाय, हवामानाच्या मॉडेलिंगला डब्ल्यूआरएफ.

नमुन्यांचंही तसंच. समुद्रतळाखालून काढलेले कोअर जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सास आणि जपानमध्ये कोची इथल्या भांडारांत जपून ठेवलेले आहेत आणि संशोधक अर्ज करून त्यातले नमुने मागवू शकतात. अमेरिकेत डेन्व्हरजवळ बर्फाच्या कोअर्सचं असंच कोठार आहे, उणे ३६ अंशांत. तुमच्या गाईडला असे अर्ज करण्याचा अनुभव असेल तर तुम्हाला स्वतः जहाजावर जायला नाही मिळालं तरी काम अडत नाही.

अर्ज करण्याआधी या फुकट डेटावर एक छोटं काम करून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते. सिस्मॉलॉजीला जायचं असेल तर ऑबस्पाय इन्स्टॉल करा, जवळपासच्या एखाद्या स्टेशनवरचा एक भूकंप उतरवून घ्या, आलेखावर पी लहर (आधी पोचणारी) कुठे सुरू झाली आणि एस (मागून येणारी) कुठे ते खूण करा. दोघींमधल्या सेकंदांना साधारण आठने गुणलंत की जवळच्या भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये येतं. वीस सेकंदांचं अंतर असेल तर भूकंप १६० किलोमीटरच्या आसपास. मग अधिकृत कॅटलॉगमधल्या अंतराशी ताडून बघा, फरक का पडला ते लिहा. दोन पानं होतील. ही दोन पानं तुमच्या अर्जात दहा ऑनलाईन सर्टिफिकेट्सपेक्षा जास्त बोलतात, कारण समोरच्याला दिसतं की तुम्ही डेटा उघडू शकता आणि तुमच्या डोक्यात प्रश्न पडतात.

५. प्रोफेसरना मेल

यादी करताना दहा-बारा नावं पुरे, पन्नास नकोत. प्रत्येकाचे निदान दोन अलीकडचे पेपर्स वाचलेले हवेत. मेल छोटा हवा, मोबाईलच्या एका स्क्रीनमध्ये मावेल इतका:

- पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, काय शिकलात, कुठल्या सत्रासाठी विचारताय
- मग त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट आणि त्यावर तुमचा एक प्रश्न. "तुमचं संशोधन प्रेरणादायी आहे" हे वाक्य खोडून टाका. "तुम्ही गाभ्याची वयं वगळली, ती धरली असती तर उत्थानाचा काळ मागे गेला असता का?" असं काहीतरी
- मग तुम्ही काय केलंय: थिसिस, ते दोन पानांचं काम, कुठली सॉफ्टवेअर येतात
- शेवटी सरळ प्रश्न: नवीन विद्यार्थी घेताय का आणि फंडिंग आहे का

सीव्ही पीडीएफमध्ये जोडा, फाईलला तुमचं नाव द्या. एकाच डिपार्टमेंटमधल्या चार जणांना एकाच दिवशी तोच मेल पाठवू नका, ते एकमेकांशी बोलतात. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर पुढे चला, ते फील्डवर किंवा जहाजावर असतील, मनाला लावून घेऊ नका.

होकारार्थी उत्तर आलं की पुढची पायरी चुकवू नका: त्यांच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. नावं ग्रुपच्या पेजवर असतात. गाईड आठवड्यातून किती वेळ देतात, आधीच्या मुलांना पूर्ण करायला किती वर्षं लागली, फील्डवर सुरक्षिततेची काय व्यवस्था असते, मधेच सोडून कुणी गेलं का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा थबकला तर तेही उत्तरच आहे.

६. पैशांचं गणित

सायन्समधली पीएचडी स्वतःच्या खिशातून करू नका. अपवाद असतील पण नियम हाच. अमेरिकेत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमध्ये फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. जर्मनीत बहुतेक पीएचडी जागा सरकारी वेतनश्रेणीत असतात, ई१३ असं लिहिलेलं दिसेल, पण पुढे टक्केवारी बघा, पूर्ण पगार असतोच असं नाही, अर्धा किंवा दोनतृतीयांश बराच चालतो. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क्समध्ये चांगला पगार आहे आणि अट मोबिलिटीची: ज्या देशात जागा आहे तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे जर तुम्ही आधीच त्या देशात मास्टर्स करत असाल तर तिथली जागा बहुधा हातची जाते, दुसऱ्या देशातली बघा.

मास्टर्सला फंडिंग कमी, पण आहे. इरास्मस मुंडुसचे संयुक्त प्रोग्राम्स दोन-तीन देशांत फिरवतात आणि स्कॉलरशिप मिळाली तर खर्चाची चिंता मिटते. जर्मनीचं डाड, जपानचं मेक्स्ट, अमेरिकेचं फुलब्राइट ही स्कॉलरशिप्सची नावं माहीत असतीलच, यांच्या डेडलाईन्स ॲडमिशनच्या बऱ्याच आधी असतात.

खबरदारी: फीबद्दलचे जुने व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. नॉर्वेत सगळ्यांना शिक्षण फुकट होतं, २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागू झाली. जर्मनीतही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो आहेत. दरवर्षी अधिकृत पानावर बघायचं.

आणि स्टायपेंडशिवाय अजून एक पैसा विचारायचा, तो म्हणजे कामाचा: फील्डचा प्रवास, नमुन्यांचं कुरिअर, ॲनॅलिसिसचे दर. प्रोजेक्टमध्ये ही तरतूद नसेल तर तुम्ही पगार घेऊन नुसते बसून राहाल.

७. कागदपत्रं

हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, नावं एकसारखी द्या:

- सगळ्या सेमिस्टर्सच्या मार्कशीट्स आणि एकत्रित ट्रान्सक्रिप्ट (हे कॉलेजकडून मिळायला वेळ लागतो, पहिलं काम हेच करा)
- पदवी प्रमाणपत्र, नसेल तर प्रोव्हिजनल
- दोन पानांचा सीव्ही, त्यात फील्डवर्क आणि वापरलेली उपकरणं स्वतंत्र लिहा
- एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का आणि काय शिकायचंय ते सांगणारा निबंध)
- तीन शिफारसपत्रं
- आयईएल्टीएस किंवा टोफेल, निकाल दोन वर्षं चालतो
- जीआरई मागितली असेल तरच. अर्थ सायन्सेसच्या खूप डिपार्टमेंट्सनी ती काढून टाकलीय
- थिसिसचा एक-दोन पानी सारांश
- स्वतः बनवलेला एखादा नकाशा किंवा क्रॉस-सेक्शन, स्वतः लिहिलेला कोड
- पासपोर्ट, ज्याची मुदत अजून बरीच बाकी आहे

भारतातून जर्मनीला जाणाऱ्यांना स्टुडंट व्हिसासाठी सहसा एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, त्याला वेळ लागतो म्हणून ऑफरची वाट न बघता सुरुवात करा.

एसओपीबद्दल एवढंच की लहानपणी डोंगर बघून कुतूहल वाटलं ही सुरुवात समितीने शेकडो वेळा वाचलेली असते. थेट तुमच्या प्रश्नाने सुरू करा, तो कसा पडला, त्यासाठी तुम्ही काय केलं, कुठे अडलात आणि ते अडलेलं सोडवायला याच ग्रुपची कुठली पद्धत लागते. शिफारस देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना निदान महिनाभर आधी सांगा, आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली नेमकं काय केलं याची अर्ध्या पानाची आठवण लिहून द्या, त्यांना पत्र लिहायला सोपं जातं आणि पत्रात नेमकेपणा येतो.

स्वतः गोळा केलेले खडक बरोबर न्यायचे असतील तर परवानगीची चौकशी करा. जीवाश्म, उल्का आणि संरक्षित क्षेत्रातले नमुने यांना बऱ्याच देशांत कडक नियम आहेत.

८. कधी काय करायचं

अमेरिकेच्या डेडलाईन्स साधारण डिसेंबर ते जानेवारी, त्यामुळे प्रोफेसरना मेल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मेल पाठवायला डिसेंबरपर्यंत थांबू नका, तेव्हा सगळे एजीयूच्या (अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या) वार्षिक अधिवेशनात अडकलेले असतात. इरास्मस मुंडुसचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत उघडे असतात. युरोपातल्या पीएचडी जागा वर्षभर निघत राहतात, त्यासाठी ईजीयूचं (युरोपियन जिओसायन्सेस युनियनचं) जॉब्सचं पान आणि अर्थवर्क्स ही साईट आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा. एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नाला ईजीयूचं अधिवेशन असतं, जायला जमलं तर पोस्टर घेऊन जा, पोस्टरसमोर दहा मिनिटं बोललेला माणूस तुमचा मेल नक्की उघडतो.

९. इंटरव्ह्यू आणि ऑफर

इंटरव्ह्यूत तुमच्या थिसिसवरच जास्त विचारतात. स्वतःच्या डेटातली एरर किती आणि का, हे सांगता आलं पाहिजे. एखादं वय '६.६ कोटी वर्षं' असं सांगितलंत तर पुढे 'अधिक-उणे किती' हा प्रश्न येणारच. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि कसं शोधाल ते सांगा.

तुम्हीही विचारा. फंडिंग किती वर्षांचं लेखी आहे, प्रोजेक्ट संपला आणि थिसिस बाकी राहिला तर काय, मशीनवर पहिल्या वर्षी बसायला मिळेल का, पहिल्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं, फील्डला एकटं पाठवतात का, सॅटेलाईट फोन आणि विमा कोण देतं. चांगल्या गाईडना हे प्रश्न आवडतात.

ऑफर आली की घाईत सही करू नका. अमेरिकेत फंडिंगसकट आलेल्या ऑफरवर उत्तर द्यायला बहुतेक युनिव्हर्सिटी १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, त्याआधी दबाव आला तर नम्रपणे हा नियम आठवून द्या. पत्रात रक्कम, कालावधी, फी माफी आणि गाईडचं नाव लिहिलंय का ते बघा, तोंडी सांगितलेलं मेलवर मागून घ्या. एक ऑफर स्वीकारलीत की बाकीच्या ठिकाणी त्याच दिवशी नकार कळवा, वेटिंगवरचा कुणीतरी त्या जागेची वाट बघत असतो. आणि ज्यांनी शिफारसपत्रं दिली त्यांना कुठे चाललात ते सांगा, फील्ड सीझन सुरू व्हायच्या आत सांगा, नंतर ते फोनच्या रेंजमध्ये नसतात.